तुळसाबाईंनी फेडलेला दिवस

तुळसाबाई,

तुमच्या भिंतीवरचं लिंपण टिकणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. आम्ही मुली ओल्या मातीचे गोळे करून कोरड्या भिंतीवर थापत होतो. खरं म्हणजे भिंतीला आधी पाणी पाजावं लागतं. मातीत धानाचं तणस घालून ती रात्रभर मुरू द्यावी लागते. थरही बोटाच्या पेराहून जाड द्यायचा नसतो. हे सगळं मी लहानपणीच आईच्या हाताखाली शिकले होते. तरी मी काही बोलले नाही. सगळ्यांसारखी मीही गोळे थापत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तुमच्या अंगणात आलो तर निम्मी माती भिंत सोडून खाली बसली होती. तुम्ही दारातच उभ्या होतात.

“धाडधाड पडली ना वं,” तुम्ही म्हणालात. “मले वाटलं, वानरं आले. का पोरींनो, इतकी जाड लावाले तुमच्या देवानं सांगतलं का?”

माझी मैत्रीण लीना सगळ्यात मोठ्यानं हसली. मीही हसले. तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि तुमचं हसू थोडं कमी झालं. लिहायला बसले तर हीच सकाळ पहिल्यांदा आठवली, कारण तुम्ही मला ओळखलंत ते तिथे. मला असं लिहायची सवय नाही. कॉलेजात निबंध लिहिलेत, पण गेलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येत नाही. चुकलं तर तुम्ही एखादं वाक्य मारून मोकळ्या झाला असतात. आता तेही नाही.

सुरुवातीला आम्ही तुम्हाला आवडलो नव्हतो. गारपिटीनं तुमच्या गावातल्या छपरांवरची कवेलू फोडली होती. तिथल्या शाळेच्या गुरुजींनी आमच्या पाळकसाहेबांना कार्ड लिहिलं आणि गेल्या मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर, आमच्या चर्चचा तरुण संघ चंद्रपूरहून एस.टी.नं मूल गावावरून सावलीपर्यंत आणि तिथून पायी तुमच्या गावात आला. मुलांनी कवेलू बदलून छपरं फेरायची, मुलींनी भिंती लिंपायच्या, मुक्काम शाळेत, आठ दिवसांत होतील तेवढी घरं करायची, असं ठरलं होतं. तुमचा मुलगा जंगल खात्याच्या कामावर भामरागडकडे, एकदा पाऊस लागला की तिकडून त्याचं येणं नाही. घरात तुम्ही आणि सून इंदू. म्हणून गुरुजींनी पहिलं घर तुमचं दाखवलं.

पाळकसाहेब हात जोडून म्हणाले, “बाई, आम्ही तुमच्या सेवेसाठी आलो आहोत.”

तुम्ही त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलंत. “धरम बदलवाले आले का?”

“नाही, नाही! फक्त घर दुरुस्त करायला.”

“मंग ठीक हाय. एक डाव बदलला आमी, छप्पन साली. आता घडीघडी कोन बदलते?”

पाळकसाहेबांना हसू आवरेना. पण तुम्ही दारातून हटला नव्हतात. म्हणालात, “पन फुकट नाई.”

“आम्ही पैसे घेत नाही, बाई.”

“पैसे कोन देऊन राह्यलं तुमाले? मी दिवस देईन. धानाच्या रोवण्यात आमच्याइथी असंच असते. आज तू माह्या बांधीत, उद्या मी तुह्या बांधीत. दिवसाले दिवस. तुमी माह्या घरी काम करा, मी तुमच्या घरी येईन लिपाले.”

पाळकसाहेब गमतीनं “कबूल” म्हणाले. तुम्ही तो शब्द गमतीनं घेतला नव्हता, हे आम्हाला दुपारी तुम्ही सासूबाईंचं सांगितलंत तेव्हा कळलं. दीक्षा घेण्याआधी तुमच्या सासूबाई गावात दारोदार फिरून टोपलीत शिळं अन्न आणत. तो आमचा हक्क आहे असंच सगळे म्हणत, पण वाढणारी बाई हात उंच ठेवून वरून टाकायची. दीक्षा घेऊन परत आल्यावर सासूबाईंनी ती टोपली चुलीत घातली. “तवापासून या घरात फुकटचं काई आलं नाई,” तुम्ही म्हणालात. हे सांगताना तुमचा आवाज जरासुद्धा चढला नाही. आजच्या भाजीत मीठ किती टाकलं ते सांगावं तसं सांगितलंत.

जेवणावरूनही तुम्ही पाळकसाहेबांना नमवलंत. घरमालकावर भार टाकायचा नाही, आपला शिधा शाळेत शिजवायचा, असा त्यांचा नियम होता.

“काम माह्या घरी अन् जेवन शाळेत? मंग काम बी शाळेचंच करा ना,” तुम्ही म्हणालात आणि इंदूला तांदूळ धुवायला लावलंत. त्या दिवशी सगळ्यांनी तुमच्या अंगणात भात आणि कैरीचा तक्कू खाल्ला. लीनानं तीनदा मागून घेतला.

काम सुरू करण्यापूर्वी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, तुम्ही डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिलात. मग म्हणालात, “आता तुमी थांबा. आमची वंदना होऊ द्या. दोघायनं बी मनावर घेतलं तं छप्पर टिकन.” त्यानंतर बुद्धाची तसबीर शेजारच्या घरी नेऊन ठेवायची होती. ती माझ्या आणि लीनाच्या हातात दिलीत. इतकी लहान तसबीर नेण्यासाठी दोघींची गरज नव्हती. आम्हाला काहीतरी सोपवायचं म्हणून सोपवलंत, असं मला आता वाटतं. अंगणभर कवेलू पसरली होती, त्यांच्यातून आम्ही पाय जपून टाकत गेलो आणि पाळकसाहेबांनी मध्येच वाकून आमच्या वाटेतली दोन कवेलू बाजूला केली.

छपरावर चढलेला आमच्या संघातला प्रकाश आठवतो? दर थोड्या वेळानं वरून काहीतरी फुटल्याचा आवाज यायचा आणि तो “सॉरी बाई!” म्हणायचा. तिसऱ्या खेपेला तुम्ही खालून ओरडलात, “बाबू, गारा बऱ्या होत्या रे! घडीभर पडल्या अन् गेल्या!”

पण मला सांगायचं आहे ते माती पडली त्या सकाळचं. सगळ्या जणी पडलेली माती गोळा करत होत्या. तुम्ही मला घराच्या मागच्या बाजूला नेलंत, एक भिंत दाखवलीत आणि म्हणालात, “हे तू कर. एकटी.” मातीची घमेली आणि पाण्याची बादली ठेवून तुम्ही बाजूला झालात. मला वाटलं, तुम्ही गेलात. मग मी माझ्यासारखं काम करायला लागले. भिंतीवर ओंजळीनं पाणी मारलं, ते पिऊ दिलं, माती तळव्यानं दाबली आणि हात खालून वर, अर्धगोल फिरवत नेला. दोन हात जागा झाली असेल.

“हात घरचा हाय,” मागून तुमचा आवाज आला.

मी वळले नाही.

“तुले मालूम होतं ना, माती पडन म्हनून?”

“हो.”

“मंग काऊन नाई बोलली?”

मी पुन्हा माती हातात घेतली. तुम्ही जवळ येऊन माझं काम तळव्यानं चाचपून पाहिलंत.

“घरी मातीच्या भिंती हायेत तुह्या.”

“हो.”

“अन् त्यायले मालूम नाई.”

“नाही, बाई.”

“बरं,” तुम्ही म्हणालात. मग जायला वळता वळता, “घरी बी अशीच बोलतं का वं? पुस्तकावानी?”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. तुम्ही त्यातलं काहीच पाहिलं नाही असं दाखवलंत. पुढे जाऊन सगळ्या मुलींना तुम्ही स्वतः शिकवलंत, भिंत कशी भिजवायची, माती कशी मुरवायची. मला त्यात कुठेही ओढलं नाहीत. उलट मी चांगलं लिंपत होते तेव्हा लीनाला म्हणालात, “पाह्य वं, हे लवकर शिकली.”

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबा लाकडाच्या डेपोत ओंडके उचलतात, आई दोन घरची धुणीभांडी करते. डेपोत कारकुनांसाठी सिमेंटची क्वार्टर्स आहेत. आम्ही त्यांच्या मागे राहतो, झरपट नदीच्या पलीकडे, मातीच्या घरांच्या रांगेत. कॉलेजच्या पहिल्या वर्षी लीनानं विचारलं, कुठे राहतेस? मी म्हटलं, डेपोच्या क्वार्टरमध्ये. लीनाचे वडील डॉक्टर. तिनं काही वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. मीही विचार करून खोटं बोलले नव्हते. पण एकदा बोलल्यावर ते रोज सांभाळावं लागलं. चर्चच्या तरुण संघात आल्यावर तर आम्ही गरिबांची घरं दुरुस्त करणारे झालो. मग माझं घर दुरुस्तीच्या यादीत शोभेल असं आहे, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

शेवटच्या दिवशी तुम्ही आम्हाला ओट्यासमोर उभं केलंत आणि एकेकाला घर विचारलंत. दिवस फेडायचा होता ना! प्रकाशचं घर सिमेंटचं. लीनाचा तर बंगला, वर संगमरवरी फरशी. दुसऱ्या दोघींची रेल्वेची क्वार्टर्स. “काय लिपू मी तुमच्याइथी, कपाळ?” तुम्ही वैतागलात. माझी पाळी आली. मी नखातली माती काढायला लागले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, “तुहं मी मंग विचारीन.” आणि पुढच्या मुलीकडे वळलात.

निघण्याआधी आपला वाद झाला होता, तो अर्धाच राहिला. मी म्हटलं होतं, “बाई, सेवा करणारा परत काही मागत नाही. तुम्ही का हट्ट धरता?”

“तू नाई मागत, हे तुही गोठ झाली. पन घेनाऱ्याले बी मन असते का नाई? तू देऊन मोकळी झाली. मी काय कराव? जलमभर तुहं नाव घेत बसाव?”

“पण काही गोष्टी अशाच घ्यायच्या असतात.”

“कोनत्या? एक सांग.”

मी मनात शोधू लागले. बैलगाडीत सामान चढत होतं. तुम्ही म्हणालात, “सुचली का मंग सांगजो.”

ऑक्टोबरात तुम्ही आलात. दरवर्षीप्रमाणे गावच्या लोकांबरोबर चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आला होतात, पांढरं लुगडं नेसून, आणि तिथून चालत चर्चच्या फाटकाशी. काखेत पिशवी होती. रविवारची उपासना नुकतीच संपली होती. आम्ही तरुण संघाची मुलं बॅगा घेऊन फाटकात उभी होतो, मूलला दोन दिवसांचं शिबिर होतं आणि गाडी यायची होती. लीनानंच तुम्हाला आधी पाहिलं. “तुळसाबाई!” म्हणून ती धावली. तुम्ही तिच्या गालावरून हात फिरवलात आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिलात.

“आता सांग. घर कुठी तुहं? पांढरी माती आनली. दिवस फेडाले आली मी.”

सगळे ऐकत होते. मला इतकंच करायचं होतं, बोट दाखवायचं होतं. झरपटकडे.

“बाई, आमचं घरही सिमेंटचंच आहे,” मी म्हटलं.

“बघा, झाला ना तुमचा दिवस माफ!” लीना आनंदानं म्हणाली.

“माफ करनारी तू कोन वं?” तुम्ही तिच्यावर डाफरलात, पण डोळे माझ्यावर होते. तुम्ही रागावला नव्हतात. ते मला जास्त लागलं. “बरं, पानी पाज,” एवढंच म्हणालात. मी नळावरून तांब्या भरून आणला. तुम्ही सावकाश पाणी प्यायलात, तांब्या परत दिलात. गाडी आली. मी खिडकीतून मागे पाहिलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी शिबिरातून घरी आले आणि दारातच थांबले. आमचं घर मी ओळखलंच नाही. पावसानं पोखरलेल्या भिंती गुळगुळीत झाल्या होत्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा हात फिरला होता. कोपरे अजून ओले होते. आई ओट्यावर बसली होती. तिचा असा चेहरा मी माझ्या मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी पाहिला होता.

“तुही तुळसाबाई सकाळीच गेली,” ती म्हणाली. “दोन दिवस राह्यली. मी म्हटलं, पाव्हणीनं कायचं काम कराव? तं म्हने, पाव्हणी नाई, तुमच्या पोरीचा दिवस हाय माह्याकडे. पोरीनंच पत्ता देल्ला म्हने. पोरगी म्हनली, मी शिबिराले चालली, तुमी माह्या मायपाशी जाऊन राहा.”

तुम्ही चर्चच्या चौकीदाराला विचारत विचारत आलात, हे मला नंतर त्याच्याचकडून कळलं.

“चांगलं केलं तू,” आई म्हणाली. “मले वाटे, शिकून पोरगी आपल्या घराले लाजते. तसं नाई.”

तुळसाबाई, तेव्हा मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, “हो.”

त्या दोन दिवसांबद्दल आई अजून बोलते. तुम्ही दोघींनी झरपटकाठची माती कशी आणली, त्यात खडे किती निघाले, बाबा डेपोतून आल्यावर तुम्ही त्यांनाही पाणी ओतायला कसं लावलंत. आईच्या घरी काम करायला आजवर कोणी आलं नव्हतं. ती दुसऱ्यांच्या घरी जाते. कोणीतरी तिच्या बरोबरीनं तिची भिंत लिंपतंय आणि मध्येच थांबून तिला विचारतंय, “बाई, तुमाले कशी पायजे, बारीक का भरड?” हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. तिनं मला तो प्रश्न तुमच्या आवाजात करून दाखवला.

मी ठरवलं होतं, नाताळच्या सुट्टीत तुमच्याकडे यायचं आणि कबूल करायचं. मग चर्चच्या कार्यक्रमाची तयारी निघाली. मग प्रॅक्टिकल्स आली. ही कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. मला भीती वाटत होती, की तुम्ही रागावणारच नाही.

महिन्यापूर्वी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी गुरुजींचं कार्ड वाचून दाखवलं. तीन दिवसांचा ताप आणि तुम्ही गेलात, बस्स. शेजारी लीना रडायला लागली. चर्चच्या पायऱ्यांवर मी तिला सगळं सांगितलं, क्वार्टर, फाटक, पांढरी माती, सगळं. तिनं डोळे पुसले.

“म्हणून तू मला कधी घरी नेलं नाहीस? दोन वर्षं मला वाटतंय, आमच्याच घरच्यांचं काहीतरी चुकलं असेल.” मग एकदम तिच्या लक्षात आलं. “थांब. म्हणजे माती पडणार हे तुला आधीपासून माहीत होतं? माझ्या हाताला फोड आले होते, सुनंदा!”

आम्ही दोघी त्या पायरीवर रडत होतो की हसत होतो, कोणी पाहिलं असतं तर त्याला कळलं नसतं.

आईला सांगणं अवघड गेलं. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, “मी नव्हतं पाठवलं त्यांना. मी फाटकात सगळ्यांसमोर म्हटलं, आमचं घर सिमेंटचं आहे.”

तिचा हात सुपावर थांबला. तिनं भिंतीकडे पाहिलं.

“मंग बाई मले खोटं बोलली?”

“हो.”

“तुह्यासाठी का माह्यासाठी?”

तुम्ही असतात तर तुम्हालाच विचारलं असतं. त्या दोन दिवसांत तुम्ही आईला एक शब्द जरी खरा सांगितला असतात, तर माझी लाज उघडी पडली असती. ती पडायलाच हवी होती. पण आईला आपल्या लेकीबद्दल जे वाटलं ते वाटलं नसतं. तुम्ही कोणाचं फुकट घेत नव्हतात. मग हे फुकट कसं दिलंत? आपला वाद तिथेच अडला होता ना, एक तरी गोष्ट सांग म्हणून? ही घ्या. मी नुसती घेतली. याचा दिवस कुठल्या भिंतीवर फेडायचा ते मला माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू शकला नसतात. या वादात मी जिंकले असं म्हणायला मला अजिबात बरं वाटत नाही.

आईनं सूप खाली ठेवलं. “एका दिवसाची बोली होती तिची,” ती म्हणाली. “राबली दोन दिवस. एक दिवस आपल्यावर हाय. कवा जाचं, सांग.”

“आई, त्या गेल्या आता.”

“घर तं हाय ना!”

म्हणून परवा आम्ही तुमच्या घरी गेलो. आई, मी आणि लीना. लीनाला नको म्हटलं तरी ती आली. आईनं मालकिणींकडून दोन दिवसांची सुट्टी मागून घेतली होती. कामाला म्हणून नाही, भेटीला म्हणून ती पहिल्यांदाच एस.टी.त बसली. तिनं खिडकीची जागा सोडली नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आधीच होऊन गेला होता. तुमचा मुलगा परत कामावर गेला होता. इंदूनं आम्हाला पाणी दिलं आणि आई आल्याचं कारण ऐकून ती गोंधळली. “बुढी तं गेली. आता कोनाचा दिवस?” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आईनं तोवर पदर खोचला होता. माती आदल्या दिवशी मुरवलेली नव्हती, म्हणून आम्ही मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी समोरची भिंत घेतली. आई लीनाला शिकवत होती. “आधी पानी, माय. भिंतीले तहान लागते.” लीना मुकाट्यानं ओंजळी मारत होती. एकदा तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं, पण फोडांचा विषय काढला नाही.

मी मागे जाऊन माझी भिंत पाहिली. तिला एक भेग गेली होती. आधी मी ती बुजवली नाही. इंदू म्हणाली, ती भेग तुम्ही असतानाच पडली होती आणि तुम्ही म्हणालात, पोरगी येईन तवा पाहीन. मला तेव्हा रडू आलं आणि मी तिथेच थोडा वेळ बसले. मग बुजवली.

दुपारी एस.टी.ची वेळ झाली. आम्ही हात धुतले. इंदू ओट्यावर येऊन उभी राहिली. कंबरेवर हात, मान थोडी तिरपी. तुमच्यासारखीच, पण तिला ते माहीत नसावं.

“तुमी तिघी जनी आल्या. आता माह्यावर तीन दिवस,” ती म्हणाली.

“माझा सोडून द्या ना,” लीना घाबरून म्हणाली. “आमच्याकडे फरशी आहे. लिंपायला काहीच नाही.”

“मंग तुहा दिवस हिच्या घरी,” इंदू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. “रोवना झाला का येतो. पत्ता सांग.”

आई पायातली माती काढत होती, पण कान माझ्याकडे होते. लीना माझ्या शेजारी उभी होती.

मी सांगितलं. चंद्रपूरला उतरायचं, लाकडाचा डेपो विचारायचा, क्वार्टर्स सोडून मागे जायचं, झरपट ओलांडायची, मातीच्या घरांची रांग लागते. त्यातलं चौथं.

इंदूला लिहिता येत नाही, म्हणून ती पाठ करायला लागली. डेपो, क्वाटर, झरपट, मातीच्या घराईची रांग. “तिसरं ना?” तिनं विचारलं.

“नाई,” मी म्हटलं. “चौथं. त्याच्या भिंती पांढऱ्या हायेत.”